न हरवलेल्या वस्तूची चोरी

चोरी झाली की काहीतरी नाहीसे होते, ही आपली जुनी समजूत. पेटी फुटते, कणगी रिकामी होते, दावणीचा बैल दिसेनासा होतो. 1860 च्या दंडसंहितेनेही चोरी ठरण्यासाठी वस्तू मालकाच्या संमतीवाचून हलविणे आवश्यक मानले होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही ते कलम फारसे बदलले नाही. आणि इकडे असा चोर निपजला आहे, जो काहीच हलवीत नाही!

कार्डाच्या पाठीवरील काळ्या पट्टीत खात्याची खूण असते, दर वेळी तीच. चोर एटीएमच्या खाचेवर हुबेहूब दुसरी खाच बसवितो आणि आकड्यांवर नजर ठेवणारा बारीक कॅमेरा लावतो. आपण पैसे काढून कार्ड खिशात घालतो. कार्ड जागच्या जागी असते. नक्कल मात्र झालेली असते. ती कोऱ्या कार्डावर उतरविली की यंत्रापुढे आपण एकाचे दोन होतो. चिप दर व्यवहाराला नवी खूण तयार करते, म्हणून 2018 अखेरपर्यंत नुसत्या पट्टीची कार्डे बदलावीत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते.

त्याच वर्षी, 11 आणि 13 ऑगस्टला, पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे 94 कोटींहून अधिक रुपये गेले. तेथे पट्टी चोरण्याऐवजी चोर बँकेच्या संगणकयंत्रणेतच शिरले. पण बहुतेक पैसे निघाले ते बनावट कार्डांनीच, 28 देशांतून आणि आपल्या कोल्हापुरातूनही. मला विचार पडतो तो यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या त्या माणसांचा. त्यांनी कोणाला पाहिले नाही, कोणाच्या घरात पाऊल टाकले नाही. बटणे दाबली आणि नोटा मोजल्या. दरोडेखोराला निदान घरधन्याचा चेहरा दिसतो. तो न दिसल्याने पाप हलके होते काय? 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरविले. मला तो निर्णय योग्य वाटतो. चेहरा दिसला नाही, ही सबब नव्हे. ती तर या धंद्याची सोय आहे.

पण आपण फसलेल्याशी कसे वागतो? दावणीचा बैल गेला तर शेजारी कंदील घेऊन धावतात. खात्यातले पैसे गेले तर पहिला प्रश्न येतो, "तुम्ही लक्ष कसे दिले नाही?" रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक या बाबतीत आपल्याहून उदार होते: दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भार नाही, दोष सिद्ध करणे बँकेकडे. मात्र गुप्त आकडा स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे.

येथे मी अडतो. परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावचा, अक्षरओळख नसलेला एखादा म्हातारा यंत्रापुढे उभा राहिला, तर तो मागच्या पोराला म्हणणारच, "बाळा, एवढे काढून दे रे." जन्मभर त्याने कागद असेच वाचून घेतले: पोस्टातले, तलाठ्याचे, लेकीच्या सासरचे. कायदा याला निष्काळजीपणा म्हणेल. म्हातारा म्हणेल, गावात दुसरे काय करतात?