चित्रगुप्ताची वही कोणी वाचावी?

चित्रगुप्ताच्या वहीत आपला जन्मभराचा हिशोब असतो, पण जिवंतपणी ती आपल्याला वाचता येत नाही. चुकीची नोंद खोडून घेणं तर दूरच.

अमेरिकेतल्या अनेक शाळांच्या फायली 1974 पर्यंत अशाच होत्या. मुलाच्या स्वभावावर मारलेले शेरे आईबापांना दिसत नसत, बाहेरच्यांना मात्र कधीकधी दाखवले जात. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी पुढाकार घेतला आणि शैक्षणिक नोंदींबाबतचा ‘फेर्पा’ कायदा आला. पालकांनी मागितल्यापासून 45 दिवसांत शाळेने नोंदी दाखवायच्या. नोंद चुकीची वाटली तर दुरुस्ती मागायची. शाळेने नकार दिला तर सुनावणी, आणि तिथेही हरलात तर आपलं म्हणणं फायलीला जोडून ठेवायचं. चित्रगुप्ताकडे ही सोय नाही.

खरी गंमत पुढे आहे. मूल 18 वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की हे सगळे हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातात. न्यू जर्सीतल्या मराठी घरात फीचा आकडा कळतो, गुणांचा कळेलच असं नाही. मात्र करविवरणात मूल ‘अवलंबून’ दाखवलं असेल, तर कॉलेज पालकांना नोंदी दाखवू शकतं. दाखवल्याच पाहिजेत असं नाही. पोसणाऱ्याला पाहायचा हक्क, हे तत्त्व की नुसती तडजोड? आपल्याकडचं एक जुनं सुभाषित मुलाला सोळाव्या वर्षापासून मित्र मानायला सांगतं. मित्राचं प्रगतिपुस्तक कोणी त्याच्या दप्तरातून परस्पर काढून वाचत नाही.

आणि सोळाच्या आतल्या मुलाचं काय? 1972 मध्ये विस्कॉन्सिनच्या आमिश या ख्रिस्ती पंथातल्या पालकांनी धर्माच्या आधारावर मुलांना आठवीनंतर शाळेतून काढण्याचा हक्क सुप्रीम कोर्टात मिळवला. मुलांनाही विचारायला हवं, असं न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळ्या मतात लिहिलं. फेर्पानेही शाळकरी मुलाला स्वतःचा हक्क दिला नाही. तो आईबापांच्या हाती ठेवला.

ओक्लाहोमातल्या एका आईची फेर्पाखालची तक्रार वेगळीच होती. वर्गात मुलं एकमेकांचे पेपर तपासत आणि गुण मोठ्याने सांगत. 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, शिक्षकाने वहीत उतरवेपर्यंत तरी ती ‘नोंद’च नाही. थोडक्यात, वर्गभर ऐकू गेलेल्या गुणांना कायद्याचं संरक्षण नव्हतं. ते मिळालंच तर वहीत गेल्यावर, म्हणजे साऱ्या वर्गाला पाठ झाल्यावर.