गाळलेलं कडवं

सॅम कुकचं ‘अ चेंज इज गॉना कम’ मला उशिराच सापडलं, तेही विरार लोकलच्या गर्दीत, इयरफोनमधून. मग त्यामागची गोष्ट वाचली. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रेवपोर्टला एका मोटेलने या प्रसिद्ध काळ्या गायकाला खोली नाकारली. त्याने आवाज चढवला, तर पोलिसांनी त्यालाच धरलं. काही महिन्यांतच हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. बाप धर्मोपदेशक, गळा चर्चमधल्या भजनांवर तयार झालेला. त्यामुळे तक्रारही प्रार्थनेच्या सुरात आली. ११ डिसेंबर १९६४ ला गोळी लागून तो गेला. त्याच महिन्यात गाण्याची छोटी तबकडी निघाली आणि रेडिओसाठी तिच्यातलं एक कडवं गाळलं गेलं. नेमकं तेच, ज्यात सिनेमाला-बाजारात गेलेल्या काळ्या माणसाला हटकलं जातं.

तुळिंजमध्ये राहणाऱ्याला असा आवाज अमेरिकेत शोधायला लागावा, हे जरा गमतीचंच. वामनदादा कर्डकांची गाणी इथे बारशाला वाजतात, लग्नात वाजतात, १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला तर वाजतातच. पण रस्त्यापलीकडच्या सोसायट्यांत त्यांना ‘जयंतीची गाणी’ म्हणतात, जणू ती कुणी लिहिलेलीच नाहीत.

लिहिणारा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, जन्म १५ ऑगस्ट १९२२. पोटासाठी मुंबईत आला आणि अक्षरं गिरवली तीही मोठेपणी. पुढे बाबासाहेबांचा विचार घेऊन गावोगाव गात फिरला, २००४ मध्ये जाईपर्यंत. चाली त्याने कव्वालीच्या घेतल्या, लोकगीतांच्या घेतल्या, हिंदी सिनेमाच्याही घेतल्या. यावर नाकं मुरडणारे भेटतात. मला त्यात उसनवारी दिसत नाही. १९५६ ला बौद्ध होताना देव सोडले म्हणून ढोलकी कशी सोडायची? तमाशा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नाचून-गाऊन जगवला, त्यांच्यात महार-मांग कलावंतच कितीतरी. आंबेडकरी जलशांनी त्यातला साचा ठेवला, आतला मजकूर बदलला. कुकने चर्चच्या सुरांचं तेच केलं. सूर दोघांचेही आपापलेच होते.

मालकी राखायची रीत मात्र निराळी. कुक व्यवहारात पक्का; स्वतःची रेकॉर्ड कंपनी, गाण्यांच्या हक्कांसाठी प्रकाशनसंस्था, सगळं कागदावर. वामनदादांनी शाहिरांचा जुना शिरस्ता पाळला आणि शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफला. गायन पार्टी बदलो, कॅसेटवर भलत्याचा फोटो छापलेला असो, गाणं पूर्ण म्हटलं की कवी हजर! ज्याच्या लोकांना गावदप्तरात अपमानाखेरीज जागा नव्हती, त्याने केलेली ही नोंद आहे. मला तर ती त्याच्या घोषणांहून धारदार वाटते.

आता मिरवणुकीत डीजे असतो. धृपद, पहिलं कडवं, मग नुसता ठोका, की लगेच पुढचं गाणं. पोरं बेभान नाचतात, नाचावंच. फक्त वामनचं नाव येतं ते कडवं वाजत नाही. कुकचं गाळलेलं कडवं रेडिओवाल्यांसाठी गेलं होतं. इथे गाळणारे आपलेच आहेत, आणि त्यांना थांबवून सांगता येतं.