हवेच्या भरवशावर

दिवाळीच्या सुट्टीत कोकणातल्या कुठल्याही गजबजलेल्या किनाऱ्याकडे जाणारा शेवटचा रस्ता पाहा. शहाळी, भेळ, टोप्या, गॉगल आणि त्यांच्या वर दोरीला टांगलेले हवेचे फ्लोट. पिवळं बदक, हिरवी मगर, डोनट, मान वळवून बसलेला गुलाबी फ्लेमिंगो. अशाच एका दुकानासमोर मी शहाळं पीत उभा होतो. एक बाप पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मुलीने बदकावर बोट ठेवलं. दुकानदाराने पायपंपाने हवा भरायला घेतली. बदकाची मान हळूहळू ताठ होत असताना बापाने विचारलं, "काका, हे घातल्यावर बुडणार नाही ना?" दुकानदार म्हणाला, "छे हो, हवा आहे ना आत. बिनधास्त सोडा."

बापाची काळजी खरी होती. मला खटकला तो हे उत्तर ऐकून त्याने टाकलेला सुस्कारा. एक काम हातावेगळं झाल्याचा सुटकेचा भाव त्यात होता. मुलीची जबाबदारी त्या क्षणी बदकाकडे गेली होती.

अशा फ्लोटच्या पाकिटावर बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत एक सूचना असते. हे जीव वाचवण्याचं साधन नाही. मुलाचे पाय टेकतील इतक्याच पाण्यात आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली वापरावं. म्हणजे बनवणारा स्वतःच सांगतोय की हे खेळणं आहे. आणि खेळण्यांसाठी कायदा आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. टांगलेल्या मालावर ते शोधून पाहावं. मी पाहिलं तेव्हा पुष्कळ नगांवर पाकीटच उरलेलं नव्हतं. सूचना पाकिटाबरोबर कचऱ्यात गेली होती आणि विकणाऱ्याचा शब्द तेवढा शिल्लक राहिला होता.

गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीला पाठीवर बांधलेला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा आठवत असेल. तोही आतल्या हवेवरच तरंगायचा. पण तो बांधणारा काका किंवा मामा आधी गाठ ओढून बघायचा, पोराला ढकलायचा आणि लगोलग मागून स्वतः उडी मारायचा. कमरेला दोरी असली तर तिचं दुसरं टोक काठावरच्या कुणाच्या तरी मुठीत असायचं. हातपाय जमायला लागले की भोपळा सुटायचा. त्या भोपळ्याने माणसाला रजा दिली नव्हती. आजचं बदक आपण नेमकं रजेसाठी विकत घेतो. मूल पाण्यात रमलं की आपण वाळूत बसणार, फोटो काढणार, घरच्या ग्रुपवर टाकणार. सुट्टी आपलीही असते, थकलेली माणसं चार घटका निवांत बसायलाच येतात, हे मला मान्य आहे. तरी पाण्यात मूल असताना किमान एका मोठ्या माणसाची सुट्टी सुरू झालेली नाही, एवढं ठरवूनच किनाऱ्यावर उतरलं पाहिजे. दोघांनी वाटून घ्यावं, अर्धा तास तू, अर्धा तास मी. 'सगळे आहेत ना तिथे' असं म्हणतात तिथे बहुतेक वेळा कुणीच बघत नसतं.

बघणं एवढं महत्त्वाचं का, याचं उत्तर न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांच्या चित्रणांवरून दाखवून दिलं. बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या वेळात त्याला जेमतेम श्वास घेता येतो, हाका मारायला हवा उरत नाही. हात वर करून हलवणंही जमत नाही, कारण ते आपसूक पाणी खाली दाबत असतात. हे सगळं वीस ते साठ सेकंदांत संपतं. लहान मूल त्यातही लवकर दमतं. कड्यात बसवलेलं मूल लाटेने उलटलं तर डोकं खाली आणि पाय कड्यात अडकलेले, अशा अवस्थेत त्याला स्वतःहून सुलट होता येत नाही. एक फोटो निवडून, मजकूर लिहून, तो पाठवायला किती वेळ लागतो, ते ज्याने त्याने आठवावं.

आता समुद्राकडे येऊ. हे फ्लोट मुळात तरणतलावासाठी असतात, आणि तिथे चार भिंती असतात. समुद्रात त्यांचं वागणंच बदलतं. माणूस पाण्यात असतो, फ्लोट पाण्यावर. जितका मोठा आणि देखणा फ्लोट, तितका तो शिडासारखा वारा धरतो. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते आणि उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केलेले हे मतलई वारे. कोकणातले कोळी शिडाच्या होड्या याच वाऱ्यावर बाहेर काढत आणि दिवस चढल्यावर खाऱ्या वाऱ्यावर परत आणत. हिवाळ्यात, म्हणजे ऐन पर्यटनाच्या मोसमात, मतलई चांगलाच जाणवतो. ऊन कोवळं आहे तोवर पोरांना डुंबू द्यावं म्हणून आपण नेमके त्याच वेळी पाण्यात उतरतो. जमिनीकडून वारा असला की किनाऱ्याजवळच्या लाटाही दबतात, समुद्र गुळगुळीत आणि गरीब दिसतो. त्यात ओहोटी लागलेली असली तर पाणीही त्याच दिशेने चाललेलं असतं. ओहोटीची वेळ काढायला मोबाइलसुद्धा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि त्यापुढचे सुमारे सहा तास ओहोटीचे. ब्रिटनमध्ये कित्येक किनाऱ्यांवर वारा बाहेर वाहत असला की नारिंगी रंगाची वाऱ्याची पिशवी चढवतात. ती दिसली की हवेचा फ्लोट पाण्यात न्यायचा नाही. आपल्याकडे पिशवी नसेल, पण वाळूवर जाळं नीट करत बसलेला कोळी असतो. त्याला "दादा, वारा कुठला आहे?" असं विचारायला कमीपणा वाटायचं कारण नाही.

सगळ्यात अवघड वेळ येते ती फ्लोट सुटल्यावर. बदक मुलीच्या हातून निसटतं, दहा हातांवर जातं, मुलगी रडायला लागते. बाप पोहायला लागतो, कारण ते अगदी हाताशी दिसत असतं. रिकामा फ्लोट वाऱ्यावर चांगल्या पोहणाऱ्यालाही मागे टाकतो. दर चार हातांनंतर 'आता आलंच' असं वाटतं, आणि मागे वळून पाहावं तर किनारा लांब गेलेला. अशा वेळी पोहण्याच्या ताकदीइतकंच मूल रडत असताना शांतपणे "जाऊ दे ते" म्हणायचं बळ लागतं. पाच-सातशे रुपयांची वस्तू आणि पोरीचं एका संध्याकाळचं रडणं, एवढंच नुकसान मान्य करायचं असतं. लाडाकोडाच्या दिवसांत हे जड जातं. पण मागितलेली प्रत्येक गोष्ट जीव धोक्यात घालून आणून द्यायची नसते, हे मुलांना आईबापांकडून एकदा तरी दिसायला हवं. मूल फ्लोटवर असतानाच तो लांब जाऊ लागला तर त्याला ओरडून सांगायचं की घट्ट धरून बस, उडी मारू नको. लगेच जीवरक्षकाला नाहीतर होडीवाल्याला हाक मारायची, ११२ ला किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ ला फोन करायचा.

या हाकेला जो धावतो, त्याचा विचार आपण फार कमी करतो. गोव्यात २००८ पासून दृष्टी मरीनचे जीवरक्षक आहेत, लाल आणि लाल-पिवळे झेंडे आहेत. कोकणात बऱ्याच ठिकाणी गावातलीच मुलं शिट्टी आणि एखादं कडं घेऊन उभी असतात. त्यांच्याशी हुज्जत घालणारे पर्यटक मी पाहिलेत. "आम्हाला पोहता येतं, तू आम्हाला शिकवू नकोस." ज्याला हे ऐकवलं, तोच थोड्या वेळाने आपल्यासाठी पाण्यात शिरणार असतो, जीव मुठीत घेऊन. त्याची शिट्टी ऐकणं हा त्याच्यावर उपकार नाही. त्याच्या जिवाला आपल्यापायी धोका होऊ नये, एवढं किमान देणं आपण त्याला लागतो.

फ्लोट घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. पाण्यात हसणारी पोरं बघण्यासारखं सुख थोडं असतं. घ्यायचा तर घरूनच घ्यावा, आयएसआय चिन्ह पाहून. बूच उघडल्यावर हवा भसकन बाहेर येत नाही ना, हे तपासावं. आदल्या रात्री फुगवून ठेवावा आणि सकाळी मऊ पडला तर नेऊ नये. फार टम्म भरून उन्हात ठेवला तर हवा प्रसरण पावून सांधा उसवतो. मुलाला खरा आधार हवा असेल तर त्याच्या वजनाचं, मांड्यांमधून पट्टा येणारं लाइफ जॅकेट घ्यावं. तेही घातल्यावर मोठ्याने हात पोचेल इतक्या अंतरावर, मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभं राहायचं. फाटलेला फ्लोट वाळूत टाकून येऊ नये. ते पीव्हीसी तिथे वर्षानुवर्षं राहतं, आणि आपल्या काही किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात.

एक सूचना किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना. फ्लोट विकणाऱ्या प्रत्येक दुकानासमोर त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ आणि सकाळच्या वाऱ्याची दिशा खडूने फळ्यावर लिहायला लावा. प्रत्येक फ्लोटबरोबर चार-पाच मीटर दोरी द्यायला सांगा, फ्लोटला बांधायची, मुलाच्या अंगाला नाही, आणि तिचं टोक मोठ्याच्या हातात. पाकिटावरची सूचना मराठीत, ठळक अक्षरांत दुकानावर लावा. याला फार खर्च येत नाही आणि नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आत हे सगळं होऊ शकतं.