उपसता न येणारे पाणी

पावसाळ्यात हतनूरला माणसे पाणी बघायला जातात. धरणाचे 41 दरवाजे उघडले की खानदेशात ती बातमीच असते. चांगदेवाजवळ मिळणाऱ्या तापी-पूर्णेचे पाणी इथे अडते, आणि दोघींनी आणलेला गाळही इथेच बसतो. उन्हाळ्यात भुसावळ तापले की त्या अफाट पाण्याची वाफ होत राहते. गाळ आणि ऊन हे उघड्या जलाशयाचे बिनभांडवली भागीदार. त्यांचा वाटा आधी निघतो.

याच तापीच्या वरच्या अंगाला, बऱ्हाणपुरात, चारशे वर्षांपूर्वीची तजवीज वेगळी आहे. मोगलांच्या दख्खन मोहिमेचे हे ठाणे. मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी वाटेतच धरले. तोच कुंडी भंडारा. वरून पाहावे तर शंभराहून जास्त कुंड्यांची, म्हणजे विहिरींसारख्या तोंडांची, रांग. डोळे भरून बघावे असे तळे कुठेच नाही. लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरले की पायाशी नितळ पाणी, भिंतींवर चुन्याची पांढरी पुटे आणि डोक्यावर कुंडीच्या तोंडाएवढा उजेड. हे पाणी नुसत्या उताराने जाळी करंज या हौदापर्यंत जाई. मोट नाही, रहाट नाही.

गंमत म्हणजे त्याच दशकात खानखानानचा वैरी मलिक अंबर खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, असाच भूमिगत नहर खोदत होता. एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या या दोघांचे पाण्याबाबत मात्र एकमत होते!

साठा डोंगराच्या पोटात, आणि डोंगर झिरपू देईल तेवढेच हाती येणार. बादशहाची छावणी तहानली म्हणून उतार वाढत नाही. मला या बांधकामातली सगळ्यात मोठी अक्कल इथेच दिसते: हव्यासाला हातच ठेवलेला नाही. धरणाचे दार माणूस उघडतो, म्हणून पुढच्या वर्षाचे पाणी यंदा खर्च करण्याचा मोहही त्यालाच होतो. कूपनलिकेला तर दारही नाही. बऱ्हाणपूरपासून रावेरपर्यंत पसरलेली केळी पाण्याला हावरी, आणि तिच्यासाठी जो तो शेजाऱ्यापेक्षा खोल जातो. त्या उपशाची झळ भंडाऱ्यापर्यंत पोचते, पण हतनूरसारखी ती काठावर उभे राहून दिसत नाही.

2024 मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेला. आनंदच आहे. कुंड्यांना कठडे होतील, तिकीटघर येईल. पण त्याचा खरा जलाशय सातपुड्याच्या उतारावर, लोकांच्या सातबाऱ्यांखाली पसरला आहे. तिथल्या शेतकऱ्याला बोअर घेऊ नको म्हणून सांगायला कोण जाणार, आणि सांगितलेच, तर त्याच्या केळीला पाणी कुठून देणार?