पायाला बांधलेली चिठ्ठी

मेलेल्या पक्ष्याचं कातडं सोलून, आतून सोमल चोळून त्यात कापूस भरला की हातात उरतं ते एक हलकंसं गाठोडं. डोळ्यांच्या जागी कापसाचे पांढरे ठिपके आणि पायांना दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: तारीख, गाव, नर की मादी, कुणी टिपला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कपाटांत असे हजारो पक्षी उताणे निजलेले आहेत. नजर आधी पिसांवर जाते. खरा ऐवज चिठ्ठीत आहे, हे शहाण्यांनाही उमजायला वेळ लागला.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आताच्या भाऊ दाजी लाडमध्ये, आठ जण जमले आणि सोसायटी सुरू झाली. त्यांत आपले दोघे: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील, वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. हेतू साधाच. आपापले नमुने आणावेत, दाखवावेत, बोलावं. पुढच्याच वर्षी बिऱ्हाड हललं ते फिप्सन या मद्यव्यापाऱ्याच्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या जागेत. (पुढे सोसायटीच्या जागेत विल्यम नावाचा जिवंत धनेशही वर्षानुवर्षं मुक्कामाला होता, सोसायटीच्या चिन्हावर धनेश आहे तो त्याच्यामुळे.)

तेव्हाचा प्रश्न एकच: हे आहे तरी काय? १९०८ च्या सुमारास छोटा सालिम अली मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन आला, तोही हाच प्रश्न घेऊन. मानद सचिव मिलार्डनी चिमणी ओळखली आणि कपाटं उघडून दाखवली. १९११ पासून सस्तन प्राण्यांची पाहणी निघाली, तेव्हा प्रश्न झाला: कुठे कुठे आहे? मग ‘कधी’चं मोल कळलं. तिकडे इंग्लंडमध्ये १९६७ साली रॅटक्लिफ या संशोधकानं शौकिनांनी तारखांसह जमवलेली शिकारी पक्ष्यांची अंडी तपासली. दुसऱ्या महायुद्धानंतरची कवचं पातळ झाली होती, आणि संशयाची सुई डीडीटीकडे वळली. अंडी चोरणाऱ्यांना आपण पुरावा जपतोय याची गंधवार्ताही नसावी.

पण चिठ्ठीच खोटी असेल तर? रानपिंगळा या छोट्या घुबडाचं तेच झालं. खानदेशात जेम्स डेव्हिडसननं १८८४ पर्यंत तो टिपला, पुढे कुणालाच दिसेना. फक्त नामांकित पक्षीतज्ज्ञ कर्नल माइनर्ट्झहागनच्या संग्रहातल्या एका नमुन्यावर १९१४, गुजरात असं लिहिलेलं. शोधणारे त्या पत्त्यावर भटकून रिकाम्या हातांनी परतले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि बिंग फुटलं: कर्नलचा पिंगळा डेव्हिडसनचाच, लंडनच्या संग्रहालयातून लांबवलेला आणि नवी चिठ्ठी डकवलेला. मोठ्या नावापुढे कुणी शंका घेतली नव्हती, एवढंच. तो पत्ता बाद करून रासमुसेन सहकाऱ्यांसह जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या मुलखात शिरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता. त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं, फोटो काढले. या वेळी त्याच्या पायाला दोरा बांधला गेला नाही.