जाणत्याचें मौन

पुढें येणारें संकट ज्याला स्पष्ट दिसतें, परंतु ज्याचें म्हणणें कोणी मानीत नाहीं, अशा मनुष्यानें काय करावें, हा प्रश्न फार जुना आहे. तो अमेरिकेंतील मुलांच्या चित्रकथांतून पुन्हा उभा राहावा, याचें कित्येकांना हसूं येईल. तथापि क्रिप्टन नांवाच्या एका काल्पनिक ग्रहाची गोष्ट ऐंशींहून अधिक वर्षें सांगितली जात आहे, आणि ती हसून सोडून देण्यासारखी नाहीं.

जेरी सीगल व जो शुस्टर ह्या क्लीव्हलंड शहरांतील दोन ज्यू तरुणांनीं निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ सालीं प्रथम छापला गेला, तेव्हां त्याच्या जन्मग्रहाला नांवसुद्धां नव्हतें. एक दूरचा ग्रह वार्धक्यानें नष्ट झाला आणि तेथल्या एका शास्त्रज्ञानें आपलें तान्हें मूल घाईघाईनें तयार केलेल्या यानांत घालून पृथ्वीकडे सोडलें, एवढेंच काय तें तेथें सांगितलें होतें. क्रिप्टन हें नांव १९३९ सालीं वर्तमानपत्री चित्रमालिकेंत आलें. १८९८ सालीं सांपडलेल्या एका वायूचेंहि तेंच नांव असून मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘दडलेला’ असा आहे. म्हातारा होऊन मरणाऱ्या ग्रहाबद्दल दोष कोणाला द्यावयाचा? पण कथा वाढत गेली तसतसें वार्धक्य मागें पडलें आणि त्याच्या जागीं शहाण्यांची एक सभा येऊन बसली. जोर-एल हा शास्त्रज्ञ तिला सांगतो कीं ग्रह फुटणार. सभा ऐकत नाहीं. २०१३ सालच्या ‘मॅन ऑफ स्टील’ ह्या चित्रपटांत तर तेथल्या लोकांनीं ऊर्जेच्या हव्यासानें ग्रहाचा गाभाच पोखरून ठेवलेला असतो. मरण निसर्गाच्या हातून निघून माणसांच्या हातीं आलें, आणि तेथून नीतीचा प्रश्न सुरू झाला.

हा प्रश्न सर्वांत धारदार होतो तो रिचर्ड डॉनर ह्यांच्या १९७८ सालच्या ‘सुपरमॅन’ चित्रपटांत. आरंभींच जोर-एल (ही भूमिका मार्लन ब्रँडोनें केली आहे) बंडखोर झॉड व त्याचे दोन सोबती ह्यांच्यावर आरोप ठेवतो. निकाल एकमतानें व्हावयाचा असतो, आणि शेवटचें मत जोर-एलचें. तो तें देतो आणि तिघेहि कायमचे बंदिवान होतात. थोड्याच वेळानें तोच जोर-एल सभेपुढें उभा राहून, ग्रह तीस दिवसांच्या आंत फुटेल असें सांगतो. सभा उत्तर देते कीं, लोकांत भीति पसरविण्याचा प्रयत्न केलास तर तोहि बंडच समजला जाईल. ज्या कायद्यानें त्यानें दुसऱ्यांना शिक्षा दिली, तोच आतां त्याच्यावर रोखला जातो. जोर-एल वचन देतो: आपण मौन पाळूं, आपण व आपली पत्नी, दोघेंहि क्रिप्टन सोडणार नाहीं.

हें वचन तो अक्षरशः पाळतो. तीं दोघें तेथेंच मरतात. मुलाविषयीं वचनांत कांहींच नव्हतें, म्हणून मूल तेवढें पृथ्वीकडे जातें. आमच्याकडील वाचकाला येथें ‘नरो वा कुंजरो वा’ आठवल्यावांचून राहणार नाहीं. पण त्या चतुराईबद्दल मी जोर-एलला दोष देणार नाहीं. धर्मराजाच्या अर्ध्या शब्दानें द्रोणांचा घात झाला. ह्याच्या गाळलेल्या शब्दानें एक मूल वांचलें आणि कोणाचें कांहीं गेलें नाहीं. मला खटकतो तो वचनाचा पहिला भाग.

कोणी म्हणेल, बोलून तरी काय झालें असतें? यान एकच, तेंहि मुलापुरतें. लोकांना कळलें असतें तर चेंगराचेंगरी, लूट आणि आकांत एवढेंच पदरीं पडलें असतें. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. पण त्यांत असें गृहीत धरलें आहे कीं, जें ज्ञान प्राण वांचवूं शकत नाहीं तें निरुपयोगी होय. आपल्या घरांतील मरणोन्मुख मनुष्याला आपण सत्य सांगावें कीं नाहीं, ह्यावर आपण किती वाद घालतों! सांगितलेंच पाहिजे असें म्हणणारे उगीच म्हणत नाहींत. तीस दिवसांत भांडलेला भाऊ भावाच्या दारीं गेला असता. कोणी मुलांजवळ बसून राहिला असता. एखाद्यानें देणें फेडलें असतें, एखाद्यानें सोडून दिलें असतें. दुसऱ्याच एखाद्या कारागिराला आणखी एक यान सुचलें असतें, हेंहि अगदींच अशक्य नव्हतें. ते तीस दिवस जोर-एलचे नव्हते आणि सभेचेहि नव्हते. विदुराचेंहि कोणी ऐकलें नाहीं, आणि युद्ध टळलें नाहीं. पण भर सभेंत तो बोलत राहिला, त्यामुळें आपल्याला कोणीं सांगितलें नाहीं असें म्हणावयास धृतराष्ट्राला जागा उरली नाहीं.

आणि भाकीत चुकलें तर? ॲलन मूर ह्यांनीं लिहिलेल्या व डेव्ह गिबन्स ह्यांनीं चितारलेल्या १९८५ सालच्या एका कथेंत सुपरमॅनला मोहनिद्रेंत न फुटलेलें क्रिप्टन दिसतें. तेथें जोर-एल म्हातारा झाला आहे, लोकांत त्याची नाचक्की झाली आहे, पत्नी वारली आहे, आणि जुन्या क्रिप्टनचा जयघोष करणाऱ्या कडव्या लोकांत तो जाऊन मिळाला आहे. जग वांचलें ह्याचा त्याला आनंद नाहीं. आपण खोटे ठरलों ह्याचाच सल आहे. क्रिप्टनविषयीं इतकें लिहिलें गेलें, पण इतकें मर्मभेदक चित्र मला दुसरें आढळलें नाहीं. संकटाचा इशारा देणाऱ्याची खरी परीक्षा तो इशारा खोटा ठरल्यावरच होते. शेजारी हसत असतां त्यांच्या हसण्यांत ज्याला मोकळेपणानें सामील होतां येईल, त्यानेंच बोलावें असें मी म्हणत नाहीं. तशीं माणसें थोडीं. ज्याला तें जमणार नाहीं त्यानेंहि बोलावें, आणि मग हसणें सोसावें. सभेंतल्या जोर-एलचें धैर्य मोठें होतें, पण तें मरण पत्करण्याचें धैर्य होतें. हास्यास्पद ठरण्याचें धैर्य निराळें असतें, आणि विद्वानांजवळ तें बहुधा कमीच आढळतें.

१९७८ च्या त्या चित्रपटांत शेवटीं शुभ्र स्फटिकांचे मनोरे कोसळूं लागतात आणि माणसें ओरडत खालीं पडतांना क्षणभर दिसतात. प्रेक्षकाची दृष्टि तोंवर वर निघालेल्या त्या लहानशा यानाकडे लागलेली असते. खालीं पडणाऱ्यांना त्या दिवशीं सकाळीं कांहींच ठाऊक नव्हतें.