ठरवून केलेली संध्याकाळ



लग्नाचा वाढदिवस जवळ आला की जोडपी मिस्सा अर्पण करण्यास सांगतात. आम्हाला आनंद होतो. पण त्या दिवशीची संध्याकाळ कशी घालवायची, यावर घरोघरी मतभेद! कोणी म्हणतो, "प्रेम मनातून उमलायला हवे, ठरवून कसले करायचे?" कोणी हॉल घेतो, दोनशे पाने उठवतो. संसार न केलेल्या आम्ही धर्मगुरूंनी यात बोलावे का? पण घरभेटीला गेलो की दोन्हीकडची गाऱ्हाणी आम्हीच ऐकतो.

प्रेम ठरवून करता येते काय? आपल्यापैकी अनेकांची लग्नेच ठरवून झाली. प्रेम मागाहून आले आणि टिकले. शिवाय वेदीपुढे आपण जे वचन दिले, ते त्या दिवसाच्या भावनेपुरते नव्हते. सुखदुःखात, आजारपणात, मरेपर्यंत सोबत करण्याचे होते. ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन संत थॉमस अक्वायनस सांगतात, की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. इच्छा केली की वेळ काढावा लागतो, तयारी करावी लागते. मनाची लहर येईपर्यंत थांबणारा माणूस जोडीदारापेक्षा स्वतःच्या लहरीलाच अधिक जपतो.

मात्र ठरवताना भले कोणाचे पाहतो, हे तपासावे. काही वर्षांपूर्वी एक विधवा भगिनी आम्हाला म्हणाली, "फादर, आमच्या पंचविसाव्याला हॉल भरला होता. पण त्या दिवशी आम्ही दोघे एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. मी पाहुण्यांचे बघत होते, ते जेवणावळीचे. सव्विसावा आलाच नाही." यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

आपल्या रत्नागिरीत थिबा राजाचा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचे राज्य गमावलेला हा राजा 1886 साली राणी सुपयालतसह येथे आला आणि 1916 साली येथेच वारला. आदर्श म्हणून आपण त्यांच्याकडे पाहत नाही. त्यांच्या राजवटीत रक्तपात झाला होता. पण तीस वर्षांच्या बंदिवासात राणी अखेरपर्यंत त्याच्याजवळ राहिली. 1910 साली मोठा वाडा मिळाला, पण राज्य परत मिळाले नाही. सोबत मात्र वाडा मिळण्याआधीही होती. आज थिबा पॉईंटवर सूर्यास्त पाहायला जोडपी जातात, तेव्हा हे आठवावे.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे पवित्र मरियेच्या लक्षात आले. कोणी सांगण्याआधी तिने पाहिले. आपल्या घरात काय संपत आले आहे? बोलणे? हसणे? की नुसती विश्रांती?

म्हणून पतींनो, त्या दिवशी चूल बंद राहू द्या. मासळी निवडण्यापासून भांडी घासण्यापर्यंतचे काम तुम्ही करा, नाहीतर बाहेर जेवा. पत्नींनो, त्यांना काय आवडेल हे एकदा विचारा. गृहीत धरू नका. मुलांना आजीकडे ठेवा. मोबाईल घरी ठेवा. भाट्ये किनाऱ्यावर चालत जा. आणि वर्षभरात राहून गेलेले "माझे चुकले" आणि "तू होतीस म्हणून निभावले" हे दोन शब्द तेथे बोला. याला खर्च नाही. धैर्य मात्र लागते.

तारीख आजच ठरवा. सव्विसावा गृहीत धरू नका.

प्रभू तुमच्या संसाराला आशीर्वाद देवो.